पुन्हा साथ आली तर महाविद्यालयाने ताणाविषयी नेमके काय करावे?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयात गेली सोळा वर्षे वाणिज्य शाखेला शिकवते. आमच्या महाविद्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचे पुनर्लेखन सुरू असून त्यातील 'साथरोगाच्या काळातील मानसिक ताण' हा भाग प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवला आहे. जुन्या आराखड्यात या विषयाच्या वाट्याला साडेचार ओळी आल्या होत्या आणि त्यांचा मथितार्थ एवढाच होता की योग, ध्यान व सकारात्मक विचार यांवर ऑनलाइन व्याख्याने ठेवावीत. ती व्याख्याने २०२० च्या उन्हाळ्यात मीच आयोजित केली होती, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे.

त्यांतल्या एका व्याख्यानाचा प्रसंग सांगते. मे महिन्यातली दुपार होती आणि वक्ते दीर्घ श्वसनाचे महत्त्व समजावून सांगत होते. बाजूच्या चॅटमध्ये मात्र दोनच प्रश्न फिरत होते. ठिकठिकाणचे प्राध्यापक विचारत होते, 'ई-प्रमाणपत्र कधी मिळेल?', आणि आमच्या तृतीय वर्षाची एक मुलगी विचारत होती, 'मॅडम, आपली परीक्षा होणार आहे का?' तिने तो प्रश्न तीन वेळा लिहिला. माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी तिला 'कृपया विषयाला धरून प्रश्न विचारावेत' असे लिहून गप्प केले. ते वाक्य मला आजही बोचते, कारण त्या दुपारी विषयाला धरून बोलणारी ती एकटीच होती.

ज्यांना तो घटनाक्रम आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मार्च २०२० च्या मध्यावर महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. जूनमध्ये राज्य शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले, ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या सप्टेंबरअखेर घेण्यास सांगितले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि परीक्षा घेतल्याशिवाय अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला स्पष्ट केले. प्रत्यक्ष परीक्षा ऑक्टोबर उजाडल्यावर झाल्या. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या मुलांनी अभ्यास करायचा की नोकरी शोधायची, हे ठरवता न येता जवळजवळ पाच महिने काढले. या अधांतरी अवस्थेवर दीर्घ श्वसन हा उपाय कसा ठरणार होता, हे मला आज सांगता येत नाही.

म्हणून माझा प्रश्न असा आहे की त्या दोन वर्षांत शिक्षक किंवा विद्यार्थी म्हणून तुमचा ताण कशाने वाढला आणि कशाने खरोखर कमी झाला? आराखड्यात नियम म्हणून लिहिता येईल असे काही सुचल्यास फार बरे. एकच विनंती आहे : 'सकारात्मक राहावे' असे कृपया कोणी लिहू नये, ते आमच्याकडे आधीच लिहिलेले आहे.

उत्तर : डोंगरमाथा

मॅडम, मी २०२० मध्ये नाशिकच्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझे गाव सुरगाणा तालुक्यात आहे. टाळेबंदी लागण्याआधी वसतिगृह रिकामे करायला सांगितले तेव्हा आठ-पंधरा दिवसांत परत येऊ, असे वाटल्यामुळे मी पुस्तकांची पेटी खोलीतच ठेवून दोन जोडी कपडे घेऊन निघालो. ती पेटी मला अकरा महिन्यांनी मिळाली आणि तोपर्यंत तिला वाळवी लागली होती.

आमच्या पाड्यावर रेंज येत नव्हती. डोंगरावर, एका जुन्या महूच्या झाडाखाली तिच्या दोन कांड्या यायच्या आणि ढग उतरले की त्याही जायच्या. घरात स्मार्टफोन एकच होता, तो वडिलांचा, आणि त्यावर माझ्यासह धाकट्या दोन बहिणींचेही वर्ग असायचे. दिवसाला दीड जीबी डेटा मिळायचा. त्यात व्हिडिओसह दोन तास ऐकले की तिसऱ्या तासाला चाक फिरत राहायचे. त्यातच जुलै महिना म्हणजे भात-नागलीच्या आवणीचा काळ. अकरा वाजताच्या तासाला डोंगर चढायचा तर चिखलातून उठून जायचे आणि घरच्यांनी वाकून लावणी करत राहायचे, हे मनाला पटत नसे.

तरीही मला आजाराची किंवा कामाची तेवढी भीती वाटत नव्हती, जेवढी हजेरीची वाटायची. सर नाव पुकारायचे, मी 'हजर' म्हणायचो आणि माझा आवाज पलीकडे पोहोचायचा नाही. सर दुसऱ्यांदा पुकारायचे आणि पुढे जायचे. मी तिथे होतो, भिजत उभा होतो, आणि वहीत गैरहजर होतो. रात्री झोपेतही तेच ऐकू यायचे. ही गोष्ट कोणाला सांगावी हे मला कळत नव्हते, कारण समुपदेशन कक्षाकडे जाण्यासाठीही एक गुगल फॉर्म भरावा लागत होता आणि तो भरायला रेंज लागत होती.

फरक पडला तो आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडममुळे. त्यांनी ऑगस्टपासून थेट तासाबरोबर आठ-दहा मिनिटांच्या ध्वनिफिती आणि वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअपवर पाठवायला सुरुवात केली. डोंगरावर एकदा गेले की ते सगळे उतरवून घेता येत असे आणि मग रात्री घरी बसून ऐकता येत असे. हजेरीऐवजी त्या आठवड्याला पाच प्रश्न देत आणि रविवारपर्यंत केव्हाही उत्तर चालेल, असे सांगत. शिवाय शनिवारी त्या फोन करत. साधा फोन, व्हिडिओ नाही. पहिल्या वेळी आई घाबरली, मुलाने काही केले की काय असे तिला वाटले. नंतर मात्र तीच आधी बोलायची आणि आवणी कुठवर आली, तांदूळ कसा आहे, हे सांगून मग फोन माझ्याकडे द्यायची.

मित्रांचाही आधार होता, हे सांगितले पाहिजे. आसपासच्या पाड्यांवरची वेगवेगळ्या महाविद्यालयांतली आम्ही चार मुले त्या झाडाखाली जमायचो. एकमेकांचे विषय आम्हाला कळत नव्हते, पण तास संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून बोलायचो. शहरातल्या माझ्या वर्गमित्रांकडे चांगले वायफाय होते, पण दाराबाहेर जाता येत नव्हते. त्या दोघांचौघांशी नंतर बोललो तेव्हा लक्षात आले की एकटेपणाच्या बाबतीत आमची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती.

उत्तर : तासिका

गोदाकाठ मॅडम, तुमच्या आराखड्यात 'शिक्षक' हा शब्द कोणासाठी वापरला आहे, हे आधी तपासून पाहावे, अशी माझी विनंती आहे. मी त्या वेळी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. ज्यांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्या माहितीसाठी : आम्हाला घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन मिळते, नेमणूक सत्रापुरती असते आणि सुटीचे काही मिळत नाही. मार्चच्या मध्यावर तास थांबले त्याच दिवशी आमचे उत्पन्नही थांबले, मागच्या तासांचे पैसे पुढे कित्येक महिन्यांनी हातात आले आणि पुढच्या वर्षीची नेमणूक होणार की नाही, हे दिवाळीपर्यंत कळले नाही. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या ताणमुक्तीसाठी एक कार्यशाळा झाल्याचे मला वर्षभराने समजले, कारण तिची लिंक कायम प्राध्यापकांच्या ग्रुपवर टाकली होती आणि आम्ही त्या ग्रुपवर नव्हतो.

माझे घर निफाड तालुक्यात आहे आणि वडिलांची दोन एकर द्राक्षबाग आहे. मार्च-एप्रिल म्हणजे ऐन काढणीचा हंगाम. त्या वर्षी व्यापारी येईनासे झाले, ज्यांनी सौदे केले होते त्यांनी फोन उचलणे बंद केले आणि माल वेलीवरच पिकून गळू लागला. काहींनी बेदाणा केला. आम्ही शेजाऱ्याची पिकअप घेऊन नाशिकला गंगापूर रोडवरच्या सोसायट्यांच्या फाटकांवर पेट्या विकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी एक मुलगा मास्क लावून खाली आला, दोन पेट्या घेतल्या, पैसे मोजता मोजता थांबला आणि म्हणाला, 'सर?' मी मान खाली घालून सुटे शोधत राहिलो. आदल्या महिन्यात मी त्याला दलित साहित्यातील आत्मकथनांवर शिकवले होते आणि श्रमाच्या प्रतिष्ठेविषयी बरेच काही बोललो होतो, तरी त्या क्षणी मला ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे. त्याने संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काही तरी लिहिले असावे. दुसऱ्या दिवशी त्या एका फाटकावर चौदा पेट्या गेल्या आणि वॉचमननेही एक घेतली.

माझा ताण कमी झाला तो त्या चौदा पेट्यांमुळे, आणि त्यानंतर तीन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपसात वर्गणी काढून आम्हा पाच जणांना कोणताही गाजावाजा न करता तीन महिने जी रक्कम दिली तिच्यामुळे. ती परत करण्याची मुदत त्यांनी ठरवली नव्हती. आमच्यापैकी एकाला प्राध्यापकांच्या पतसंस्थेने कर्ज नाकारले होते, कारण तो सभासद होऊ शकत नव्हता.

तुम्हाला नियमच हवा असेल तर असा लिहावा : साथीमुळे तास बंद झाले तरी वेळापत्रकात आधीच नेमून दिलेल्या तासिकांचे मानधन त्या-त्या महिन्यात द्यावे, आणि पुढील नेमणुकीविषयीचा निर्णय, तो नकाराचा असला तरी, ठरलेल्या तारखेला लेखी कळवावा. यात मानसशास्त्राचा एकही शब्द नाही, याची मला कल्पना आहे.

उत्तर : खडू आणि फळा

मी दोन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्र विभागातून निवृत्त झाले. टाळेबंदी लागली तेव्हा माझे वय ५६ होते आणि मोबाईलवर मला फोन उचलणे, ठेवणे आणि सुप्रभातचे संदेश पुसणे एवढेच येत होते. माझा पहिला ऑनलाइन तास मी स्वयंपाकघरात घेतला, कारण घरात तिथेच उजेड चांगला होता. ओट्यावर पिठाचा डबा, डब्यावर मोबाईल आणि मागे भिंतीला टेकवलेला नातवाचा फळा. पंधरा मिनिटे मूळ आणि खोडाचा छेद समजावून सांगितल्यावर लक्षात आले की मी म्यूटवर आहे. चौऱ्याऐंशी मुलांपैकी कोणीही मला ते सांगितले नाही. ती मुले तिथे होती की नाही, हेही मला ठाऊक नाही.

तरुण सहकाऱ्यांना वाटते की आमचा ताण तंत्रज्ञानाचा होता. तो पहिल्या दोन महिन्यांपुरता खरा होता आणि मुलीने शिकवल्यावर तो गेला. त्यानंतर उरला तो शांततेचा ताण. तीस वर्षे मी चेहऱ्यांकडे पाहून शिकवत आले होते. कोणाच्या कपाळावर आठी पडली की मी वाक्य पुन्हा सांगत असे. आता समोर काळे चौकोन आणि त्यांत इंग्रजी आद्याक्षरे होती. मी काही दिवस 'कॅमेरा सुरू करा' म्हणून हट्ट धरला. मग एका मुलीने नाइलाजाने सुरू केला तेव्हा दिसले की सिडकोतल्या एका खोलीत ती पलंगाच्या कडेला बसली आहे, मागे आजारी आजी झोपली आहे आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून स्वतःचा वर्ग ऐकतो आहे. तिने लगेच बंद केला. मी पुन्हा कधी तो आग्रह धरला नाही, आणि आधी धरला याची लाज वाटली.

त्याऐवजी मी पहिली सात मिनिटे मोकळी सोडली. विषय नाही, हजेरी नाही. आज घरी काय शिजले, एवढेच विचारायचे. सुरुवातीला कोणी बोलेना. एक दिवस कोणाचा तरी माइक चुकून सुरू राहिला आणि कुकरची शिट्टी झाली, त्यावर दुसरा म्हणाला, 'मॅडम, याच्याकडे वरण-भात', आणि मग सगळे हसले. दीड महिन्यात मी ऐकलेले ते पहिले हसू होते. पुढे त्या सात मिनिटांतच मला कळू लागले की कोणाच्या वडिलांची अंबडच्या कारखान्यातली नोकरी गेली आहे आणि कोण सध्या गावी आहे.

स्त्री प्राध्यापकांविषयी एक गोष्ट आराखड्यात यावी, असे वाटते. त्या काळात कामाला येणाऱ्या बाई बंद होत्या, घरातली सगळी माणसे दिवसभर घरात होती आणि महाविद्यालयाच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला संदेश यायचा की सोबतच्या तक्त्यातील माहिती आज रात्री १२ पर्यंत भरून पाठवावी. विभागवार घेतलेल्या ऑनलाइन तासांची संख्या, उपस्थिती, स्क्रीनची छायाचित्रे. मी एका हाताने भाकरी थापून दुसऱ्या हाताने तो तक्ता भरला आहे आणि त्यातल्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवू नये. संध्याकाळी सातनंतर कार्यालयीन संदेश पाठवू नये, एवढा एक नियम केला असता तर आमचा निम्मा ताण हलका झाला असता.

मात्र योगाविषयी तुमच्याशी थोडी असहमती नोंदवते. आम्ही बारा जणी रोज सकाळी साडेसहाला ऑनलाइन एकत्र येऊन व्यायाम करत होतो आणि ते जवळजवळ दोन वर्षे चालले. वक्ते नव्हते, प्रमाणपत्र नव्हते, तीच माणसे आणि तीच वेळ होती. एखादी आली नाही तर दुसरी तिला फोन करायची. डिसेंबर २०२१ मध्ये, साथीमुळे मार्चमधून पुढे ढकललेले ९४ वे साहित्य संमेलन आडगावला भरले तेव्हा आम्ही सगळ्या तिथे ठरवून भेटलो, आणि दोघींना एकमेकींच्या उंचीचे नवल वाटले. पडद्यावर कोणाची उंची कळत नाही.

उत्तर : समुपदेशक, नाशिक रोड

मी समुपदेशनाचे काम करतो आणि २०२० ते २०२२ या काळात दोन महाविद्यालयांसाठी फोनवरून उपलब्ध होतो. वरची उत्तरे वाचताना लॅझरस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये केलेली विभागणी आठवली. ताणाला तोंड देण्याचे त्यांनी ढोबळमानाने दोन प्रकार सांगितले : जिथे कारणच बदलता येते तिथे कारणावर काम करणे, आणि जिथे ते बदलता येत नाही तिथे स्वतःच्या भावना सांभाळणे. दोन्ही लागतात, पण त्यांची अदलाबदल झाली की उपाय वाया जातो. डोंगरमाथा यांची हजेरी, तासिका यांचे मानधन आणि रात्रीचे तक्ते या बदलता येण्याजोग्या गोष्टी होत्या आणि त्यांच्यावर भावना सांभाळण्याचे उपाय सांगितले गेले. ही चूक माझ्याकडूनही झाली. परीक्षेच्या अनिश्चिततेने झोप उडालेल्या मुलांना मी पहिले काही आठवडे श्वसनाचे व्यायाम सांगत होतो. नंतर मी त्यांच्याबरोबर फोनवर दोन वेळापत्रके करू लागलो, एक परीक्षा झाली तर आणि एक नाही झाली तर, आणि त्याचा जास्त उपयोग झाला.

काळ्या चौकोनांविषयी मॅडमनी लिहिले आहे त्याला जोडून सांगतो की स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ संभाषणातील थकव्याची चार कारणे मांडली : सतत जवळून होणारी नजरानजर, स्वतःचाच चेहरा सारखा दिसत राहणे, एका जागी जखडून बसावे लागणे, आणि हावभाव कळण्यासाठी व कळवण्यासाठी मेंदूला करावे लागणारे जादा कष्ट. आपल्याकडे विद्यार्थ्यांचे कॅमेरे बंद असल्यामुळे शिक्षकाला पडद्यावर हलणारा चेहरा दिसे तो फक्त स्वतःचा. तो आपल्यापुरता लपवण्याची सोय असते, हे पुष्कळांना माहीत नव्हते.

आता उलट बाजूची अदलाबदल सांगतो, जी माझ्या मते जास्त गंभीर होती. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकची काय स्थिती होती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रेमडेसिव्हिरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा होत्या, ऑक्सिजनची खाट शोधत लोक रात्रभर फिरत होते, आणि २१ एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या महिन्यात मला आलेल्या फोनांपैकी पुष्कळसे ताणाचे नव्हते, शोकाचे होते. एका मुलाचे वडील गेले होते, अंत्यविधीला त्याला लांब उभे राहावे लागले होते आणि चार दिवसांनी त्याची अंतर्गत चाचणी होती. त्याने मुदत मागितली तेव्हा मृत्यूच्या दाखल्याची प्रत अपलोड करावी, असे उत्तर आले. ज्या लिपिकाने ते पाठवले तो वाईट माणूस नव्हता, त्याच्यापुढे तसा नमुना होता. इथे कारण कोणालाही बदलता येणार नव्हते. फक्त भावनेला जागा द्यायची होती, आणि नेमकी इथेच व्यवस्थेने कागद मागितला.

त्या मुलाशी मी पाच वेळा बोललो. पहिल्या तीन वेळा तो जवळजवळ काहीच बोलला नाही, नुसता फोन धरून राहिला. चौथ्या वेळी म्हणाला की आपण बाबांना वेळेवर दुसऱ्या रुग्णालयात हलवायला हवे होते. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, जी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडली आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, घटना आणि त्या घटनेविषयीची आपली समजूत वेगळी काढून पाहायला शिकवतात. 'मी हलवायलाच हवे होते' हा आदेश त्याने स्वतःला घटना घडून गेल्यावर दिला होता; त्या रात्री शहरात खाटच शिल्लक नव्हती. पण हे त्याला सांगण्याची वेळ चौथ्या फोनला आली. पहिल्याच फोनला सांगितले असते तर त्याने पुढचे उचलले नसते, असे मला वाटते.

आराखड्यासाठी माझ्या दोन सूचना आहेत. घरात मृत्यू झालेल्या विद्यार्थ्याकडे किंवा शिक्षकाकडे पंधरा दिवस कोणताही कागद मागू नये आणि त्याच्याशी महाविद्यालयातर्फे एकाच व्यक्तीने बोलावे, म्हणजे तीच गोष्ट त्याला सहा जणांना सांगावी लागणार नाही. दुसरे म्हणजे, शिक्षकाने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र कोणाला पुढे पाठवायचे, हे त्याला ओळखता आले पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच मन लागत नसेल, व्यसन वाढले असेल, तर तज्ज्ञाकडे पाठवावे. जगण्यात अर्थ नाही, अशा अर्थाचे बोलणे आले तर त्याच दिवशी, त्याला एकटे न सोडता. २०२० मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याची 'मनोदर्पण' ही सेवा होती. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' आहे, तिचा क्रमांक १४४१६ आहे, फोन मोफत असतो, दिवसरात्र लागतो आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक आराखड्याच्या परिशिष्टात टाकण्यापेक्षा ओळखपत्राच्या मागे छापावा.

प्रश्नकर्ती : गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून मी मसुदा केला. मानधनाचे कलम पहिले ठेवले आहे आणि ते व्यवस्थापनाच्या बैठकीत टिकेल की नाही, याची मला शंका आहे, पण ते खोडले गेले तर कार्यवृत्तात तशी नोंद तरी होईल. सातनंतर कार्यालयीन संदेश नाहीत, आणि शोकाच्या काळात पंधरा दिवस कागद नाही, ही दोन कलमे प्राचार्यांना फोनवर वाचून दाखवली तेव्हा त्यांनी मान्य केली. दुसऱ्यावर ते काही क्षण बोलले नाहीत. त्यांचे मोठे बंधू २०२१ मध्ये गेले, हे मला नंतर आठवले. परीक्षेविषयी असे लिहिले आहे की निर्णय झालेला नसला तरी 'निर्णय झालेला नाही, पुढची माहिती अमुक तारखेला देऊ' असे दर सोमवारी महाविद्यालयाने कळवावे. त्या मुलीला मी निदान एवढे तरी सांगू शकले असते.

खडू आणि फळा मॅडम, तुमच्या व्यायामवर्गामुळे योगाची ओळ मी काढून टाकली नाही. 'व्याख्यान' हा शब्द खोडून 'बारा-पंधरा जणांचा रोजचा गट' असे केले आहे.

अडचण आहे ती शनिवारच्या फोनची. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या नमुन्यात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर भरावे लागत असे, त्यामुळे कागदावर आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थ्याला मार्गदर्शक आहे. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला बासष्ट विद्यार्थी येतात. बासष्ट जणांना दर आठवड्याला फोन करणे शक्य नाही, आणि केला तरी तो तक्ता भरण्यासाठी केलेला फोन होईल. डोंगरमाथा, तुमच्या मॅडमना हे कसे जमत होते?

उत्तर : डोंगरमाथा

मॅडम, त्या सगळ्यांना फोन करत नव्हत्या. त्यांनी पहिल्या महिन्यात वर्गाच्या ग्रुपवर एकच प्रश्न विचारला होता : 'तुमच्या घरी बसल्या जागी माझा आवाज नीट ऐकू येतो का?' ज्यांनी हो म्हटले त्यांना त्यांनी वगळले. ज्यांनी नाही म्हटले आणि ज्यांचे उत्तरच आले नाही, असे आम्ही मिळून अकरा जण होतो. उत्तर न आलेल्या चौघांचे नंबर त्यांनी गावातल्या ओळखीतून मिळवले. त्यांतल्या एकाने शिक्षण सोडून मालेगावच्या यंत्रमागावर जायचे ठरवले होते, तो पुढे माझ्याबरोबर पदवीधर झाला.

वेळेविषयी एक सांगतो. फोन संध्याकाळी साडेसातनंतर करावा. पावसाळ्यात त्याआधी आमच्याकडे घरी कोणी नसते. आणि साध्या फोनलाही रेंज लागतेच. आमच्या घरात ती फक्त मागच्या पडवीच्या कोपऱ्यात यायची, म्हणून शनिवारी फोन तिथे दोरीने टांगून ठेवलेला असायचा.